मोठ्यांचे निर्णय, मुलांचे दिवस

लघुपटाच्या दहा-वीस मिनिटांत बालपण कसे मावते आणि आई-वडिलांच्या निर्णयांची झळ त्यात कशी दिसते? धाराशिवसारख्या हंगामी स्थलांतराच्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ कलेपुरता उरत नाही.

बालपण म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सुटीतले आजोळ, चिंचा-बोरे आणि शाळेची घंटा उभी राहते. हे चित्र खोटे नाही; पण अपुरे आहे. मूल कोठे राहील, शाळेत जाईल की नाही, रात्री निवांत झोपेल की भांडणाचे आवाज ऐकत जागे राहील, यातले काहीच मूल ठरवीत नसते. ते ठरते मोठ्यांच्या जगात. कधी विचारपूर्वक, कधी नाइलाजाने, तर कधी नुसत्या दुर्लक्षातून. मुलाला त्या निर्णयाची कारणे कोणी सांगत नाही. त्याचे परिणाम मात्र त्याच्या वाट्याला येतात. गेल्या दोन दशकांत मराठी लघुपटाने ज्या विषयाला पुन:पुन्हा हात घातला आहे, तो नेमका हाच.

लघुपट म्हणजे छोटा चित्रपट, अशी सोपी व्याख्या केली जाते. ऑस्करच्या नियमांनुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट मानला जातो. प्रत्यक्षात बहुतेक लघुपट दहा ते तीस मिनिटांचे असतात. परंतु लांबी हा त्यातला फरक केवळ बाह्य आहे. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला आयुष्याचा प्रवास दाखवता येतो. लघुपटाला बहुधा एकच प्रसंग, एकच वस्तू किंवा एकच दिवस पुरतो. म्हणूनच तो बालपणाच्या जवळ जातो. मुलाला वर्षांचा हिशेब नसतो; त्याला आजचा दिवस असतो. मोठ्यांना क्षुल्लक वाटणारी गोष्ट, उदाहरणार्थ हरवलेली गोटी, फाटलेले दप्तर किंवा न लिहिलेला निबंध, मुलासाठी सारे जग व्यापून टाकते. लघुपट हे माप तसेच्या तसे स्वीकारतो.

घरात आलेली गिरणी

पालकांच्या निर्णयाचा मुलावर होणारा परिणाम मराठी लघुपटात ज्या कलाकृतीने फार नेमकेपणाने दाखवला, ती म्हणजे उमेश विनायक कुलकर्णी यांचा 'गिरणी'. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधील शिक्षणाच्या अखेरीस केलेला हा पदविका लघुपट राष्ट्रीय पुरस्काराने गौरवला गेला. कथा अगदी साधी आहे. संसाराला हातभार लागावा म्हणून आई घरातच पिठाची गिरणी आणते. लहानग्या मुलाला सुरुवातीला या यंत्राचे केवढे अप्रूप! पण लवकरच गिरणीचा अखंड आवाज लहानशा घराचा ताबा घेतो. अभ्यास, झोप, खेळ, मित्रांची संगत, सारे त्या घरघरीत दळले जाऊ लागते.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की आईचा निर्णय चुकीचा नाही. ती आळशी नाही, निष्ठुर नाही. उलट कष्टाळू आणि जबाबदार आहे. घर चालवायचे तर कमाई हवी आणि कमाईसाठी गिरणी हवी. तरीही त्या योग्य निर्णयाची किंमत मूल मोजते. 'चांगले पालक आणि वाईट पालक' अशी सरळ वाटणी या लघुपटात करता येत नाही, हेच त्याचे सामर्थ्य होय. दिग्दर्शकाने हा संघर्ष संवादांतून न सांगता आवाजातून सांगितला आहे. आईच्या कानाला तो आवाज म्हणजे उत्पन्न. मुलाच्या कानाला तो छळ. एकच ध्वनी दोन माणसांना दोन अर्थांनी ऐकू येतो, हे दाखवण्यासाठी चित्रपटासारखे दुसरे माध्यम नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' (२००९) या लघुपटात प्रश्न अधिक बिकट होतो. शाळेची ओढ असलेला, वंचित समाजातील हा मुलगा ज्या घरात वाढतो, तेथे शाळा ही जवळजवळ परक्या देशातली गोष्ट आहे. पुस्तक आणि पोट यांत निवड करण्याची वेळ आली, तर घर पोटाचीच बाजू घेणार. पण ती निवड खरोखर त्या घराची आहे काय? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्यांच्यापुढे निवडीसाठी होते तरी काय? हा लघुपट पालकांच्या निर्णयामागे उभा असलेला समाजाचा निर्णय दाखवतो. ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला मिळाला. त्यात मध्यवर्ती भूमिका करणारा सूरज पवार पुढे 'फँड्री' आणि 'सैराट' या चित्रपटांतही दिसला.

मंजुळे यांच्याच 'पावसाचा निबंध' या लघुपटाला ६५व्या राष्ट्रीय पुरस्कारांत, म्हणजे २०१७ सालासाठी, कथाबाह्य विभागातील दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. शाळेत मुलांना पावसावर निबंध लिहून आणायला सांगितले जाते. पाठ्यपुस्तकातला पाऊस हिरवागार, आनंददायी. पण राजा नावाच्या मुलाच्या घरी पाऊस छपरातून आत येतो. दारूच्या आहारी गेलेल्या बापाला सांभाळणे, गळक्या जागांखाली भांडी ठेवणे, आईला मदत करणे यातच रात्र सरते. निबंध कधी लिहायचा? शाळेला वही कोरी दिसते. ज्या मुलाने पाऊस सर्वांत जवळून पाहिला, त्यालाच पावसाविषयी लिहिता आले नाही, हा विरोधाभास कोणत्याही भाषणाशिवाय प्रेक्षकाच्या मनात उतरतो. बापाच्या व्यसनाबद्दल एकही उपदेश न करता त्या व्यसनाने मुलाच्या वाट्याचे नेमके काय हिरावून घेतले, ते येथे कळते.

राज प्रीतम मोरे दिग्दर्शित, कैलास वाघमारे लिखित 'खिसा' या लघुपटाला ६७व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. शाळेच्या सदऱ्याला इतरांपेक्षा मोठा खिसा असावा, आपला सारा ऐवज त्यात मावावा, एवढीच एका खेड्यातल्या मुलाची इच्छा. पण मोठ्यांच्या जगाला तो खिसाही खुपू लागतो. मुलाच्या दृष्टीने जो खजिना, तो मोठ्यांच्या दृष्टीने प्रश्न ठरतो. येथे निर्णय केवळ घरातला नाही. गावातल्या थोरांचे हेवेदावे आणि पूर्वग्रह मुलाच्या सदऱ्यापर्यंत कसे पोचतात, ते दिसते.

जगाच्या पडद्यावर

हा विषय मराठीपुरता नाही. सत्यजित राय यांनी १९६४ साली 'टू' नावाचा एक छोटा, संवाद नसलेला लघुपट केला. बंगल्यातला श्रीमंत मुलगा आणि खिडकीखालच्या झोपडीतला गरीब मुलगा यांच्यात खेळण्यांची चढाओढ लागते. एक बासरी वाजवतो, दुसरा खेळण्यातले वाद्य काढतो. एक पतंग उडवतो, दुसरा तो छऱ्याच्या बंदुकीने पाडतो. शेवटी श्रीमंत मुलगा जिंकतो. पण ढीगभर खेळण्यांत एकटाच उरतो. आई-वडील या चढाओढीत कोठेच येत नाहीत, आणि ते नसणे हीच कथा आहे. मुलाला वस्तू दिल्या की आपले कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या घरांना हा लघुपट साठ वर्षांनंतरही तितकाच लागू पडतो.

ब्रिटिश दिग्दर्शिका अँड्रिया अर्नोल्ड यांच्या 'वॉस्प' (२००३) या लघुपटाला २००५ मध्ये ऑस्कर मिळाले. चार लहान मुलांची तरुण, एकटी आई जुन्या ओळखीच्या पुरुषाला भेटण्यासाठी मुलांना दारूच्या गुत्त्याबाहेर उभे करून आत जाते. मुले उपाशी, आई आत. प्रेक्षकाला राग येतो. पण कॅमेरा त्या आईचाही एकटेपणा, तिची गरिबी आणि एका संध्याकाळपुरते तरुण होण्याची तिची आस लपवीत नाही. म्हणून राग तर राहतोच, शिवाय कीवही येते. स्कॉटलंडच्या लिन रॅम्से यांच्या 'गॅसमन' मध्ये वडिलांसोबत नाताळच्या मेजवानीला निघालेल्या मुलीला वाटेत उमगते, की वडिलांचे आणखी एक कुटुंब आहे. कोणी तिला समजावून सांगत नाही; दुसऱ्या मुलीने वडिलांना मारलेली हाक तिला सारे सांगून जाते.

या सर्व लघुपटांत काही समान धागे दिसतात. पहिला धागा कॅमेऱ्याच्या उंचीचा. तो मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. त्यामुळे मोठी माणसे अनेकदा कमरेपर्यंतच दिसतात, त्यांचे बोलणे अर्धवट ऐकू येते. मुलाचा अनुभव असाच अर्धवट असतो. दुसरा धागा गाळण्याचा. निर्णय कसा झाला, कोणी काय म्हटले, हे दाखवले जात नाही. फक्त परिणाम दाखवला जातो. आणि तिसरा धागा शेवटाचा. बहुतेक लघुपट प्रश्न सोडवीत नाहीत. मूल पुढे शिकले का, बाप सुधारला का, याचे उत्तर न देताच पडदा काळा होतो. काही प्रेक्षकांना हे अपुरे वाटते. परंतु तो अपुरेपणा हेतुपुरस्सर असतो. उत्तर पडद्यावर मिळाले, तर ते घरी नेण्याची गरज उरत नाही.

धाराशिवचे न चित्रित झालेले दिवस

२०२३ मध्ये अधिकृतरीत्या धाराशिव झालेल्या उस्मानाबाद जिल्ह्याकडे या दृष्टीने पाहिले, तर लघुपटाच्या विषयांची येथे वाण नाही, असे खेदाने म्हणावे लागेल. मंजुळे यांचा करमाळा तालुका या जिल्ह्याच्या परंड्याला लागूनच आहे. 'म्होरक्या' या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त बालचित्रपटाचे दिग्दर्शक अमर देवकर ज्या बार्शीचे, ते तर धाराशिवचे शेजारगाव. म्हणजे ज्या मातीतून हे चित्रपट आले, ती माती धाराशिवला परकी नाही. पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू आणि कर्ज ठरलेले, असे या साऱ्या पट्ट्याचे जगणे आहे.

बालाघाटच्या रांगांलगतच्या भूम, वाशी, कळंब, परंडा या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कुटुंबे गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आधी 'उचल' घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात फडात राबावे लागते. निघण्याआधी प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो: मुलांचे काय करायचे? सोबत न्यावे, तर शाळा बुडते आणि कोपीतल्या जगण्यात आजारपण, सर्पदंश, अपघात यांची टांगती तलवार. मागे ठेवावे, तर थकलेल्या आजी-आजोबांवर भार आणि आईविना सहा महिने. मुलगी वयात येत असेल, तर काळजी आणखी गडद. तिला कोपीत ठेवणे धोक्याचे, गावात एकटी ठेवणेही धोक्याचे. मग 'एकदाचे हात पिवळे करून टाकू' हा विचार पुढे येतो.

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे; मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ वर्षे ही वयाची अट त्यात स्पष्ट आहे. तरीही २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाल्याचे आढळले, आणि मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण याहून पुष्कळ अधिक होते. आकडा कायद्याचे अपयश सांगतो. पण त्या बापाची रात्रीची घालमेल आकड्यात येत नाही. ती लघुपटात येऊ शकते.

मुलांसाठी शासनाने काहीच केले नाही, असे नव्हे. कारखाना परिसरातील साखरशाळा, गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे, असे प्रयत्न झाले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली. राज्यातील ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याचे त्यात ठरले. मात्र योजना आणि घर यांच्यामध्ये पुन्हा पालकांचा निर्णय उभा असतो. वसतिगृहात ठेवलेल्या लेकीची खुशाली फडातून कशी कळणार? धाकट्याला कोण सांभाळणार? सरकारी कागद या प्रश्नांपाशी थांबतो.

एखाद्या दिग्दर्शकाने हा विषय घेतला, तर तो कसा मांडता येईल, याची कल्पना करून पाहावी. दहा वर्षांची मुलगी, कडेवर दीड वर्षांचा भाऊ, समोर उसाचा फड. आई-बाप पहाटेच फडात गेलेले. मुलगी 'काम' करीत नाही. तिला कोणी मजुरी देत नाही. ती केवळ भावाला सांभाळते. बालमजुरीच्या कोणत्याही नोंदवहीत तिचे नाव येणार नाही. जवळच्या रस्त्यावरून गणवेशातली मुले जातात, ती पाहते. भाऊ रडतो, ती वळते. एवढेच. या पाच मिनिटांत कोणी खलनायक नाही. आईने मोळ्या बांधल्या नाहीत, तर उचल फिटत नाही. मुलीने भाऊ घेतला नाही, तर आईला मोळ्या बांधता येत नाहीत. निर्णय असा साखळीने बांधलेला असतो आणि साखळीची शेवटची कडी नेहमीच सर्वांत लहान माणूस असते.

दुसरा विषय याच जिल्ह्याच्या इतिहासातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूरबरोबर उस्मानाबाद जिल्ह्यातील, आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरसह अनेक गावेही उद्ध्वस्त केली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने दोन्ही जिल्ह्यांतील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीला नेले. घर पडलेले, माणसे गेलेली, आणि उरलेल्या पोराला दूर धाडण्याचा निर्णय उरलेल्या नातेवाइकांनी घ्यायचा. त्या निर्णयाने अनेकांना शिक्षणाची वाट मिळाली. पण ज्या दिवशी ते मूल गाडीत बसले, त्या दिवशी ही वाट त्याला दिसत होती काय? त्याला दिसत असेल ते मागे राहणारे ढिगारे आणि त्यांच्यापाशी उभे असलेले एखादे माणूस. हिताचा निर्णयही मुलाला दु:खाच्या रूपात भेटू शकतो, हे सांगण्यासाठी यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

न्यायाधीश होण्याचा मोह

मोबाइलवर चित्रीकरण आणि घरच्या संगणकावर संकलन शक्य झाल्यापासून लघुपटांचे पीक आले आहे. तालुक्याच्या गावातली महाविद्यालयीन मुलेही आता लघुपट करतात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र या पिकात तणही आहे. बालपणावरच्या कित्येक लघुपटांत एक ठरलेला साचा दिसतो: दारुडा बाप, सोशिक आई, हुशार पण गरीब मूल, मधेच दयाळू शिक्षक आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संदेश. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते, टाळ्या पडतात आणि विषय तेथेच संपतो.

अशा लघुपटांचा खरा दोष ढोबळपणाचा नाही. तो न्यायाचा आहे. गरीब पालकाला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे असते, कारण तो प्रेक्षागृहात बसलेला नसतो. शहरी मध्यमवर्गीय पालकांचे निर्णय मात्र क्वचितच अशा पिंजऱ्यात येतात. इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलाचे आजीशी तुटलेले बोलणे, दहावीनंतर शिकवणीसाठी लातूरला किंवा राजस्थानातल्या कोट्याला एकट्या धाडलेल्या मुलाच्या खोलीतली शांतता, दोघेही नोकरी करणाऱ्या घरात किल्ली गळ्यात अडकवून फिरणारे मूल, हेही निर्णयांचेच परिणाम आहेत. फडातल्या आईपुढे दोन वाईट पर्याय असतात. शहरातल्या पालकापुढे पुष्कळदा दोन बरे पर्याय असतात. तरी चूक करण्याचा मान केवळ पहिलीलाच मिळतो, याला न्याय म्हणता येणार नाही.

चांगला लघुपट पालकाला निर्दोष ठरवीत नाही आणि दोषीही ठरवीत नाही. 'गिरणी'तली आई आणि 'वॉस्प'मधली आई यांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण दोन्ही दिग्दर्शकांनी आधी आईचे जगणे समजून घेतले आणि मग मुलाचे दु:ख दाखवले. क्रम महत्त्वाचा आहे. समजून घेतल्याने मुलाचे दु:ख कमी होत नाही. उलट ते अधिक खरे वाटते, कारण ते टाळण्याचा सोपा मार्ग नव्हता हे प्रेक्षकाला कळलेले असते.

पडद्यामागचे मूल

या साऱ्या चर्चेत एक मूल बहुधा विसरले जाते. ते म्हणजे कॅमेऱ्यापुढे अभिनय करणारे. आपल्या मुलाला लघुपटात काम करू द्यायचे की नाही, हाही पालकांचाच निर्णय असतो. बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर आणि २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकारांसाठी काही बंधने ठरली आहेत. मुलाने दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीविना तीन तासांपेक्षा अधिक काम करू नये; त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी; सलग २७ दिवसांहून अधिक काळ मुलाला कामात गुंतवू नये; आणि त्याच्या कमाईचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत टाकावा, असे हे नियम सांगतात. मोठ्या निर्मितिसंस्था ते जाणतात. हौशी मंडळींना मात्र ते क्वचितच ठाऊक असतात. 'आपल्याच गल्लीतला पोरगा आहे' म्हणून सारे विश्वासावर चालते.

वेळ आणि पैसा यांपलीकडेही एक प्रश्न आहे. दारुड्या बापाच्या मुलाची भूमिका खरोखरच तशा घरातल्या मुलाकडून करून घेतली, तर अभिनय जिवंत होतो, हे खरे. पण चित्रीकरण संपल्यावर ते मूल त्याच घरी परतते आणि गाव त्याला त्या भूमिकेने ओळखू लागते. मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे' (१९८८) मध्ये रस्त्यावरच्या मुलांनी काम केले. त्या मुलांसाठी काही कायमचे करावे, या जाणिवेतून त्याच वर्षी सलाम बालक ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. त्यानंतर साडेतीन दशकांनी, दिल्लीच्या कापड कारखान्यात राबणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीची कथा सांगणारा 'अनुजा' हा लघुपट याच संस्थेच्या साहाय्याने तयार झाला आणि २०२५ मध्ये ऑस्करच्या अंतिम यादीत पोचला. शाळेची परीक्षा की कारखान्यातली मजुरी, हा त्यातला पेच आहे. तो सोडवण्यासाठी त्या मुलीला आई-वडील नाहीत. आहे ती फक्त थोरली बहीण. मोठ्यांचे निर्णय घेणारे कोणी उरले नाही की ते ओझे मुलांच्याच खांद्यावर येते, हे येथे प्रकर्षाने जाणवते.

घरातल्या घरात

लघुपट पाहणे आता सोपे झाले आहे. महोत्सवाचे तिकीट काढण्याची गरज उरलेली नाही. हातातल्या पडद्यावर ते येऊन पोचतात. पण एकट्याने पाहून बोट सरकवण्यापेक्षा घरातल्या मुलांसोबत बसून पाहिले, तर त्यांचा उपयोग अधिक. पाहून झाल्यावर 'यातून काय बोध घेतलास?' हा प्रश्न मात्र टाळावा. तो ऐकला की मूल शाळेतले उत्तर देते. त्याऐवजी 'त्या मुलाला त्या वेळी काय हवे होते?' असे विचारून पाहावे. मुले पडद्यावरच्या मुलाबद्दल बोलता बोलता स्वत:बद्दल बोलू लागतात. गाव का सोडले, शाळा का बदलली, बाबा उशिरा का येतात, आजी आपल्याकडे का राहत नाही, हे वर्षानुवर्षे न विचारलेले प्रश्न अशा वेळी वाट शोधतात.

शिक्षकांनाही हे माध्यम हाताशी घेता येईल. स्थलांतराच्या हंगामात ज्या वर्गातली निम्मी बाके रिकामी होतात, तेथे 'पावसाचा निबंध' दाखवला, तर कोऱ्या वहीकडे पाहण्याची शिक्षकाची नजरही बदलू शकेल. 'अभ्यास का केला नाही?' हा प्रश्न तसाच राहील. पण उत्तर ऐकून घेण्याची तयारी वाढेल. पालकसभेत व्याख्यानाऐवजी वीस मिनिटांचा लघुपट दाखवण्याचा प्रयोगही करून पाहण्यासारखा आहे. व्याख्यान ऐकताना पालक मान डोलावतो. लघुपट पाहताना तो गप्प होतो. त्या गप्प होण्यात अधिक शक्यता असतात.

कोणताही लघुपट उचल फेडू शकत नाही, वसतिगृह बांधू शकत नाही की दारू सोडवू शकत नाही. त्याच्याकडून ती अपेक्षाही नसावी. त्याचे काम मर्यादित आहे. मोठी माणसे जेव्हा घरातला हिशेब मांडतात, तेव्हा त्या हिशेबात एक रकाना बहुधा कोरा राहतो: मुलाला हे कसे वाटेल? परिस्थिती अशी असते, की तो रकाना भरूनही निर्णय कदाचित बदलणार नाही. कोयता धरावाच लागेल, गिरणी चालवावीच लागेल. पण तो रकाना आहे, हे ठाऊक असलेला बाप फडाकडे निघण्यापूर्वी मुलाजवळ घटकाभर बसेल, का जातो ते सांगेल, कधी येणार तेही सांगेल. मुलाच्या लेखी ती घटकाही मोठी असते.